पिवळा उजेड, पांढरा उजेड आणि मावशीचं कुंकू

१. दुकानातून आलेला फोन

माझी एक मावशी ग्वाल्हेरला, लष्करात राहते. लष्कर म्हणजे फौज नव्हे, गावाचा भाग. दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली, छावणीचं शहर झालं आणि नाव मात्र तेच राहिलं. तिथल्या जुन्या मराठी वाड्यांपैकी एकात तिचं बिऱ्हाड आहे. जिन्याला काटकोनात वळण आहे आणि नेमकं त्या वळणावर दिवा नाही.

एका डिसेंबरात तिचा थेट दुकानातून फोन आला. "अरे, टॉर्च घेतेय. दुकानदार दोन दाखवतोय, एक पिवळी आणि एक सफेद. तो म्हणतो, माताजी, सफेद लीजिए, ज़्यादा चमकती है. कोणती घेऊ?"

"तो म्हणतो ती घे," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

ते उत्तर घाईचं होतं. चुकीचं होतं की नाही हे ठरवायला आधी काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात, म्हणून हे प्रकरण. विजेरी घेणाऱ्या प्रत्येकाला आज हा प्रश्न पडतो, कारण खोक्यावर ३०००, ४०००, ६५०० असे आकडे छापलेले असतात आणि त्यांचा अर्थ विचारला तर दुकानदार पुन्हा "ज़्यादा चमकती है" एवढंच सांगतो.

२. "गरम" उजेड खरं तर कमी गरम

लोहाराची भट्टी आठवा. लोखंड तापायला लागलं की आधी काळपट लाल दिसतं, मग नारिंगी, मग पिवळं, आणि खूप तापलं की पांढरटपणाकडे झुकतं. तापमान आणि रंग यांची जोडी ठरलेली आहे. म्हणून एखादा उजेड कोणत्या रंगाचा आहे हे सांगायला शास्त्रज्ञ तापमानच सांगतात: इतकं तापलेलं लोखंड (खरं तर एक कल्पित काळी वस्तू) ज्या रंगाचं दिसेल, त्या रंगाचा हा उजेड. त्याचं माप केल्विन. सेल्सिअसमध्ये २७३ मिळवले की केल्विन होतात.

मेणबत्तीचा उजेड साधारण १९०० केल्विन, जुना तारेचा पिवळा बल्ब २७००, दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ आकाश ६५००, आणि निरभ्र निळं आकाश १०,००० च्याही वर.

इथेच गोंधळ होतो. २७०० ला आपण "वॉर्म" म्हणजे उबदार म्हणतो आणि ६५०० ला "कूल" म्हणजे थंड, पण भट्टीच्या हिशेबाने उलटं आहे. नावं भट्टीवरून पडलेली नाहीत, मनावरून पडली आहेत. शेकोटी पिवळी-तांबडी म्हणून ऊब, चांदणं आणि पाणी निळसर म्हणून गारवा. आणि खोक्यावर ६५०० लिहिलं म्हणून विजेरीच्या आत काही ६५०० केल्विन तापलेलं नसतं. तो आकडा फक्त रंगाचं साम्य सांगतो.

हे सगळं आपल्या आजोबांनी पाहिलेलं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. दोन मोठ्या सेलची पितळी विजेरी आठवते? नवे सेल घातले की पिवळा उजेड, सेल उतरू लागले की नारिंगी, आणि शेवटी बल्बमधली तार नुसती लाल निखाऱ्यासारखी. तार कमी तापत होती, म्हणून रंग भट्टीच्या जिन्यावरून खाली उतरत होता. मग ते सेल उन्हात ठेवायचे आणि आणखी दोन रात्री काढायच्या. आजच्या एलईडी विजेरीचे सेल उतरले तर उजेड मंद होतो, पण असा लाल होत नाही, कारण तिच्यात तापणारी तारच नाही.

आकड्यांबद्दल आणखी एक गोष्ट. २७०० आणि ३७०० यांत हजाराचा फरक आहे, ५५०० आणि ६५०० यांतही हजाराचाच. पण पहिला फरक कुणालाही दिसतो आणि दुसरा शोधावा लागतो. ग्वाल्हेर हे तानसेनाच्या कबरीचं आणि ख्यालाच्या घराण्याचं गाव, म्हणून गाण्याचं उदाहरण घेऊ. मध्य सप्तकाचा षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला, तर तार षड्ज ४८० चा आणि अतितार ९६० चा. कानाला दोन्ही पायऱ्या सारख्या, आकड्यांत मात्र एक २४० ची आणि दुसरी ४८० ची. डोळ्याचंही असंच वेगळं गणित आहे. दहा लाखाला केल्विनने भागा. २७०० चे येतात ३७०, ३७०० चे २७०: फरक १००. ५५०० चे १८२, ६५०० चे १५४: फरक २८. डोळ्याला दिसतो तो हा फरक. तेव्हा ५७०० घेऊ की ६५०० असा घोळ घालत बसू नये. ३००० की ४००० याचा मात्र जरूर विचार करावा.

३. पांढऱ्या उजेडाच्या पोटात निळा

बंद विजेरीच्या काचेतून आत पाहा. मध्यभागी अंड्यातल्या बलकासारखा पिवळा ठिपका दिसेल. त्या ठिपक्याखाली जो दिवा आहे तो पांढरा नाहीच, निळा आहे. हा निळा दिवा चांगला बनवणं फार अवघड गेलं होतं. ते जमवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळा उजेड वरच्या पिवळ्या पुडीवर पडतो, पुडी त्यातला काही शोषून पिवळा उजेड बाहेर टाकते, आणि उरलेला निळा व हा पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं.

पुडी पातळ असली तर बराच निळा तसाच निसटतो आणि उजेड थंड होतो. पुडी जाड केली, तिच्यात तांबडा उजेड देणारी द्रव्यं घातली, की निळा कमी उरतो आणि उजेड उबदार होतो. पण निळ्याचा पिवळा किंवा लाल करताना थोडी ऊर्जा वाया जाते, नोट मोडताना सराफ वटाव कापून घेतो तशी. शिवाय गडद लाल उजेड आपल्या डोळ्याला तसा कमीच दिसतो. म्हणून तोच सेल, तोच दिवा असूनही पिवळी विजेरी पांढरीपेक्षा साधारण पाचव्या-सहाव्या हिश्श्याने कमी उजेड देते.

म्हणजे दुकानदार खोटं बोलत नव्हता. पांढरी खरंच जास्त चमकते. पण किती जास्त? पांढरीचा झोत १०० मीटरपर्यंत कामाचा आहे असं समजा. पिवळीचा उजेड एक पंचमांशाने कमी, म्हणजे ८० टक्के. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, हा नियम. त्याच हिशेबाने ८० टक्के उजेडाला ०.८ च्या वर्गमुळाच्या पटीत पोहोच, म्हणजे साधारण ८९ मीटर. शंभराच्या जागी एकोणनव्वद. जिन्याच्या वळणावर हा फरक शून्य आहे.

दुकानात तो मोठा वाटतो याचं कारण वेगळं. वर ६५०० केल्विनच्या "कूल डेलाइट" ट्यूब जळत असतात आणि डोळा त्या उजेडालाच पांढरा मानून बसलेला असतो. त्याच्या शेजारी पिवळी विजेरी मळकट दिसणारच. वीज गेलेल्या घरात तीच विजेरी लावा, पाच मिनिटांत डोळा जुळवून घेतो आणि वही पुन्हा पांढरी दिसू लागते. दोन विजेऱ्या शेजारी-शेजारी भिंतीवर मारून निवडणं म्हणजे लग्नातल्या दोन लाउडस्पीकरांची तुलना करून गवई निवडण्यासारखं आहे.

४. पूजेचं तबक

आता मूळ मुद्द्याकडे. माझ्या मते उजेड पिवळा की पांढरा यापेक्षा मोठा प्रश्न आहे, तो रंग खरे दाखवतो की नाही.

चंदेरी साडी घेताना बायका काय करतात? चंदेरी हे गाव जुन्या ग्वाल्हेर संस्थानातलंच, आणि मावशीच्या कपाटात त्या साड्या ढिगाने. दुकानात साडी पसंत पडली की ती उचलून दाराशी नेतात आणि उन्हात धरतात. दुकानदार कंटाळतो, पण ही चाचणी अगदी शास्त्रीय आहे. आत मोरपंखी साडी आणि ब्लाउजचं कापड तंतोतंत जुळलेलं दिसतं. बाहेर एक हिरव्याकडे झुकतं आणि दुसरं निळ्याकडे. कारण कापड स्वतः रंग तयार करत नाही, अंगावर पडलेल्या उजेडातलं थोडं परत फेकतं. जे उजेडातच नाही, ते परत येणार कुठून?

उजेडाचा हा सच्चेपणा मोजायला एक आकडा आहे, सीआरआय. जास्तीत जास्त १००. त्याच केल्विनच्या आदर्श उजेडाशी तुलना करून तो काढतात. जुना तारेचा बल्ब पिवळा असूनही जवळजवळ १०० गुण घेतो, म्हणजे पिवळेपणा हा दोष नाही. उलट स्वस्तातली पांढरी एलईडी बहुधा ७०-८० च्या आसपास अडखळते. तिच्यात निळा भरपूर, पिवळा बरा, आणि गडद लाल फारच थोडा.

पण इथे एक गंमत आहे. नेहमीचा सीआरआय काढताना आठ रंगांचे नमुने घेतात, आणि ते आठही फिकट, सौम्य. कुंकवासारखा गडद लाल नवव्या क्रमांकाला आहे, आणि सरासरीत तो धरतच नाहीत. म्हणजे खोक्यावर ८० छापलेलं असूनही त्या उजेडात कुंकू विटकरी दिसू शकतं.

म्हणून मी पूजेचं तबक वापरायला सांगतो. हळद, कुंकू, विड्याचं पान, तांदूळ, एक तांब्याचं पळी-पंचपात्र. रात्री दिवे बंद करून त्यावर विजेरी मारा. तांदूळ पांढरे आहेत का, की हळदीसारखेच पिवळे? मग विजेरी फार पिवळी आहे. कुंकू तपकिरी आणि तांबं पितळेसारखं? मग लाल कमी आहे. पान हिरवं आहे की काळं? आणि शेवटी तळहात. जिवंत माणसाचा तळहात गुलाबी दिसला पाहिजे. वाईट उजेडात तो राखाडी होतो आणि उगाच ब्लडप्रेशरची काळजी वाटू लागते.

हे नुसतं हौसेचं नाही. फ्यूज उडाल्यावर विजेरीच्या उजेडात वायरींच्या रंगांत घोटाळा झाला तर महागात पडतं. डोळ्यांतला काविळीचा पिवळेपणा पिवळ्या उजेडात लपून जातो. म्हणून जाणते डॉक्टर त्यासाठी रुग्णाला खिडकीशी नेतात. आणि अंगणातल्या पाचोळ्यातला तपकिरी साप तपकिरीच्या दहा छटांमधून वेगळा काढायचा तर त्या दहा छटा उजेडाने वेगळ्या दाखवायला हव्यात. दोरी आणि सापाचा दृष्टान्त वेदान्त्यांनी हजार वर्षं दिला, पण त्या अंधुक उजेडाचा सीआरआय कोणी विचारला नाही.

सोन्याचं उलटं. सोनं निळा उजेड बराचसा गिळतं आणि पिवळा-लाल परत फेकतं. सराफ्यात सोन्याच्या शोकेसवर पिवळे दिवे आणि हिऱ्या-चांदीवर पांढरे असतात ते यामुळे. फसवणूक म्हणा किंवा सादरीकरण.

५. हिरवट झाक

याबद्दल थोडक्यात. पिवळ्यापासून निळ्यापर्यंत भट्टीच्या रंगांची एक वाट आहे. काही दिवे त्या वाटेवरून जरा बाजूला, हिरव्याकडे सरकलेले असतात. केल्विनचा आकडा बरोबर, तरी चेहरे आजारी दिसतात. त्याच अंतराने गुलाबीकडे सरकलेला दिवा आपल्याला फारसा खटकत नाही. आपण माणसांचे चेहरे बघणारे प्राणी, हिरवा चेहरा सहन होत नाही. विजेरी पांढऱ्या भिंतीवर मारून हिरवं वलय दिसलं तर ती परत ठेवावी.

६. मानमंदिरात आणि उरवाईत

थंड उजेडाचं काहीच चांगलं नाही असं वाटायला नको. त्याची बाजू समजायला ग्वाल्हेरच्या गडावर जाऊ.

मानसिंह तोमराने (१४८६-१५१६) बांधलेल्या मानमंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर निळ्या, हिरव्या, पिवळ्या चकचकीत फरशा आहेत: हत्ती, मगरी, केळीची झाडं आणि पिवळ्या बदकांची एक देखणी ओळ. आत खाली दोन भुयारी मजले. मुघल काळात त्यांचा तुरुंग झाला. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच गडावर कैदेत होता आणि इथेच १६६१ मध्ये त्याचा शेवट झाला. त्या भुयारी मजल्यांवर भर दुपारीही उजेड लागतो.

उबदार विजेरी वालुकाश्मावर मारली की दगड मधासारखा होतो, त्यातले तांबूस थर सुटे दिसतात. तोच झोत निळ्या फरशीवर टाकला तर निळा मरतो, काळपट हिरवा होतो. थंड विजेरीने निळा उसळून येतो आणि दगड राखेसारखा होतो. दोघांनाही एकाच वेळी न्याय देणारा उजेड मधला, ४००० ते ५००० केल्विनचा आणि सीआरआय ९० च्या वरचा. पुरातन वास्तू पाहायला जाणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आता गडावरून उरवाईच्या रस्त्याने उतरू. कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती पंधराव्या शतकातल्या, आणि सर्वांत उंच आदिनाथ सतरा मीटरांहून उंच. संध्याकाळी पायाशी उभं राहून वर झोत टाकला की पाय उजळतात, चेहऱ्यापर्यंत मात्र अंधूकच काही पोहोचतं. अंधूक उजेडात डोळ्याची तऱ्हा बदलते. भर उजेडात आपल्याला पिवळसर हिरवा सगळ्यांत तेजस्वी वाटतो. अंधार वाढला की ती पसंती निळसर हिरव्याकडे सरकते. लाल आधी काळा पडतो, निळा शेवटपर्यंत टिकतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे नोंदवलं, म्हणून त्याचंच नाव या परिणामाला आहे. मानमंदिराच्या फरशा सूर्य मावळल्यावर क्षणभर जास्तच निळ्या वाटतात त्या यामुळेच. दूरवर, झोताच्या टोकाला जिथे उजेड जेमतेम आहे, तिथे थंड विजेरीतला निळा कामाला येतो. शेताच्या बांधावरून पलीकडे कोण आहे ते बघायचं असेल तर पांढरी विजेरी घ्या. माणूस ओळखायचा आहे, त्याच्या सदऱ्याचा रंग नाही.

गडावरच्या चतुर्भुज मंदिरात मात्र हा सगळा वाद निरुपयोगी आहे. त्या छोट्याशा मंदिरातल्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० या आकड्यातलं शून्य आपल्या आजच्या शून्यासारखं गोल कोरलेलं आहे. ते पाहायला समोरून झोत मारला तर रंग कोणताही असो, दगड सपाट दिसतो. विजेरी भिंतीला टेकवून आडवा उजेड सोडा, खोदलेल्या रेषांत सावली साचते आणि अक्षरं उठतात. केल्विन विसरा, कोपर वळवा.

७. धुकं

ग्वाल्हेरचा डिसेंबर-जानेवारी म्हणजे दाट धुकं, आणि धुक्यात पिवळा उजेड आरपार जातो अशी सार्वत्रिक समजूत. दुर्दैवाने ती खरी नाही.

उदबत्तीचा धूर काळ्या पार्श्वभूमीवर निळसर दिसतो, पण चहाच्या कपातली वाफ पांढरीच. धुराचे कण उजेडाच्या लहरीहूनही लहान, म्हणून ते निळ्याला जास्त विखुरतात. वाफेचे आणि धुक्याचे थेंब लहरीच्या वीसपट वगैरे मोठे, त्यांना निळा-पिवळा भेद कळत नाही. ते सगळ्यांनाच सारखं उधळतात. तेव्हा धुक्यात पिवळीने दिसतं जास्त असं नाही, पण डोळ्याला खुपतं कमी, एवढं मात्र बरेच जण सांगतात. खरा उपाय विजेरी खाली, कमरेशी किंवा गुडघ्याशी धरण्याचा. डोळ्यांजवळ धरली की समोरची पांढरी भिंत सरळ डोळ्यातच परत येते. आणि घरातल्या खोलीत धूर कोंडला असेल, तर तिथे पिवळा खरोखर थोडा बरा.

८. वय, झोप आणि किडे

वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं. मोतीबिंदू काढल्यावर अनेक आज्या सांगतात की घरातल्या चादरी अचानक निळसर-पांढऱ्या दिसू लागल्या. चादरी तशाच होत्या, आजी पिवळ्या काचेतून बघत होती. अशा धुरकट भिंगात निळा उजेड जास्त पसरतो आणि डोळे दिपतात. म्हणून वयस्कर माणसाला रात्री पांढरी विजेरी "टोचते", आणि तो त्यांचा हट्ट नसतो.

रात्री दोनला उठायचं असेल तर आणखी एक कारण. डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी आहेत ज्यांचं काम चित्र बघणं नाही, दिवस आहे की रात्र हे शरीराला सांगणं. त्या निळ्या उजेडाने सर्वांत जास्त चेततात. पांढऱ्या झोताने त्यांना वाटतं, उजाडलं. उबदार आणि अगदी मंद उजेडात मोरीपर्यंत जाऊन परत झोपता येतं.

पावसाळ्यातले किडे-पतंगही निळ्या आणि त्याच्या पलीकडच्या उजेडाकडे जास्त झेपावतात. पिवळ्या विजेरीवर कमी येतात. अजिबात येत नाहीत असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

९. पुन्हा लष्करात

मावशीने त्या दिवशी पांढरीच घेतली होती. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा मी खिशात दुसरी नेली, ३५०० केल्विनची, सीआरआय ९५. रात्री वीज गेली नव्हती, पण आम्ही मेन स्विच बंद केला. मावशीने देवघरातलं तबक आणलं आणि दोन्ही विजेऱ्या आलटून-पालटून मारल्या. पांढरीखाली कुंकू बघून म्हणाली, "हे तर गेरू झालं रे." माझ्या विजेरीखाली थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"आणि तांदूळ?" मी विचारलं.

"जरासे पिवळट. पण जुना बासमती तसाच असतो," ती म्हणाली.

माझी विजेरी तिने ठेवून घेतली. ती आता जिन्याच्या वळणावर खिळ्याला लटकते. पांढरी गच्चीच्या दाराशी असते. रात्री कोणी खालून हाक मारली तर आधी तिचा झोत फाटकावर पडतो, आणि मग मावशी विचारते, "कौन?"